कयाकमधून बदकांची शिकार: उतरता उतरता बदकं ऐनवेळी का उलटतात?

पाणी गुडघाभर, कॅटेल (म्हणजे आपलं पाणकणीस) दाट, डिकॉय (बदकांना भुलवायची खोटी बदकं) नीट मांडलेले, वारा हवा तेवढा. मॅलार्ड जातीच्या रानबदकांची जोडी पंख ताणून खाली येते, पाय सोडते, आणि पन्नास यार्डांवर एकदम वर उसळून निघून जाते. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनमध्ये कयाकमधून शिकार करणाऱ्यांची ही दर हंगामातली तक्रार आहे. त्यावर लोक करतात तेही ठरलेलं असतं: आणखी कॅमो कापड, आणखी राफियाचं गवत, आणखी महाग बदकशिट्टी.

माझं स्पष्ट मत आहे की दहापैकी आठ वेळा दोष गवतात नसतो. कयाक हलत असते, किंवा ती चुकीच्या तोंडाने लावलेली असते. लपण्याचा विचार त्यानंतर करायचा. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि बदकंही जातात.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. हे सगळं अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे, मग जागा भिगवण असो, जायकवाडी असो की गावाबाहेरचा पाझर तलाव. तिथे थापट्या आणि तलवार बदकं बघावीत, त्यांचे फोटो काढावेत, एवढंच. अमेरिकेतही राज्याचा परवाना, स्थलांतरित पक्ष्यांसाठीची एचआयपी नोंदणी आणि १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प लागतो. हा स्टॅम्प १९३४ पासून चालू आहे आणि त्याचा जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा राखण्यात जातो, म्हणून शिकार न करणाऱ्या पक्षीप्रेमींनीही तो घ्यावा असं मला मनापासून वाटतं. आपल्यापैकी जे एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर आहेत त्यांनी विशेष लक्ष द्यावं: अशा व्यक्तीला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. मित्राची बंदूक नुसती हातात धरण्याआधीही हा मुद्दा वकिलाकडून समजून घ्या.

कयाकमध्येच हा त्रास जास्त का होतो

कयाक मुळात शिकारीसाठीच घडलेली होडी आहे. आर्क्टिकमधल्या इनुइट, युपिक आणि अल्यूट लोकांनी लाकडाच्या किंवा हाडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवली, आणि तिच्यातून सीलबरोबर पक्षीही मारले. त्यांचं हत्यार बसल्या बसल्या एका हाताने फेकायचा भाला होतं. आपण मात्र सात-आठ पौंडांची बारा गेजची शॉटगन दोन हातांनी खांद्याला लावतो, कमरेतून वळतो आणि एका बाजूला झटका घेतो.

बसण्याची उंची कमी असल्याने कयाक गवतात सहज दडते, हा तिचा मोठा गुण. पण रिकामी कयाक साठ-ऐंशी पौंडांची आणि तिच्यात बसलेला माणूस तिच्या दुप्पट-अडीचपट वजनाचा, म्हणजे माणसाची प्रत्येक हालचाल ती पाण्याला सांगते. तुम्ही शिट्टी काढायला खिशात हात घातला, मान वळवली, बूड सरकवलं, की कयाकभोवती वर्तुळं उठतात. सकाळच्या आरशासारख्या पाण्यावर ही वर्तुळं वरून स्पष्ट दिसतात. मॅलार्डचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि त्याला मान न वळवता जवळजवळ चहूकडचं दिसतं. गवताच्या एका पुंजक्यातून लाटा निघताहेत आणि बाकी गवत स्थिर आहे, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. तो पुंजका कितीही हुबेहूब सजवलेला असला तरी.

पक्षी नेमका कुठे वळला, ते आधी बघा

रोगनिदान इथून सुरू होतं. दोन-तीन थवे जाऊ द्या, बंदूक उचलू नका, फक्त बघा.

थवा दोनशे यार्डांवरूनच दिशा बदलून गेला, एकदाही खाली वाकला नाही, तर त्याला लांबूनच काहीतरी खटकलं आहे. लखलखणारं वल्हं, ओलं चकचकीत प्लास्टिक, किंवा गवताच्या कडेला पडलेला दहा-बारा फुटांचा सरळसोट गडद आकार. पाणथळीत सरळ रेषा फार कमी असतात.

थवा आला, दोन-तीन घिरट्या घातल्या आणि मग गेला, तर समोरून सगळं ठीक आहे, पाठीमागून नाही. बहुतेक जण कयाकची डिकॉयकडची बाजू झाकतात आणि मागची बाजू उघडी ठेवतात. बदकं मात्र घिरटी घालताना तुमच्या डोक्यावरून आणि पाठीवरून जातात. शिवाय नेमक्या त्याच वेळी आपण त्यांना बघायला मान वर करतो, आणि टोपीखालचा उजळ चेहरा आकाशाकडे होतो. चेहऱ्यावर जाळीचा मास्क घ्या, नजर टोपीच्या कडेखालून ठेवा, आणि पक्षी मागे गेले की त्यांना कानांनी ऐका.

पंख ताणून, पाय सोडून आला आणि चाळीस-पन्नास यार्डांवर उसळला, तर ती हालचाल आहे. जवळजवळ नेहमीच. कयाक डोलली, हात बंदुकीकडे गेला, कुत्रा उठला.

आणि उतरला, पण डिकॉयच्या पलीकडे साठ-सत्तर यार्डांवर, तर लपण्यात दोष शोधू नका. डिकॉयची मांडणी चुकली आहे. बदक वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि त्याला उतरायला मोकळं पाणी लागतं. डिकॉय एकसारखे पसरले तर ती जागाच उरत नाही. मधे पंधरा-वीस यार्डांचं खिंडार सोडा, आणि ते खिंडार वाऱ्याच्या खालच्या बाजूला उघडं असू द्या.

आणखी एक चाळणी आहे, आणि मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. कयाक नेहमीच्या जागी, नेहमीच्या गवतात, सगळ्या सजावटीसकट रिकामीच बांधून ठेवा. तुम्ही स्वतः काठाने सत्तर-ऐंशी यार्ड दूर झाडोऱ्यात जाऊन बसा आणि एक सकाळ नुसती बघण्यात घालवा. रिकाम्या कयाकजवळ बदकं बिनधास्त उतरली तर कापडावर आणखी एक डॉलर खर्च करू नका, अडचण तुमच्या हालचालीची आहे. रिकाम्या कयाकलाही ती बिचकली तर आकार, चमक किंवा जागा बदला. ही सकाळ वाया गेली असं वाटतं, पण त्यानंतरचा पूर्ण हंगाम अंदाजपंचे चालत नाही.

कयाक स्थिर करणं

सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे: कयाक तरंगू देऊ नका. सहा-आठ इंच पाण्यात, कॅटेलच्या मुळांच्या गादीवर ती अशी चढवा की तळ चिखलाला टेकेल. टेकलेली कयाक डोलत नाही, वर्तुळं उठवत नाही, आणि बंदुकीच्या झटक्याने कलतही नाही. फक्त खाली पाय टाकण्याआधी वल्ह्याने तळ चाचपा. इथल्या तळ्यांचा काळा चिखल वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत ओढतो. नदीच्या बाजूच्या पाण्यात असाल तर पातळी उतरते आहे का यावरही लक्ष ठेवा, नाहीतर परतताना कयाक चिखलातून ओढावी लागते.

टेकवायला जागा नसेल तर दोन खुंट्या. आठ फुटांच्या, फायबरग्लासच्या किंवा साध्या जाड बांबूच्याही चालतात. एक पुढच्या टोकाला, एक मागच्या, चिखलात तीन-चार फूट खोल रोवून कयाक त्यांना आवळून बांधायची. एकच खुंटी लावली तर वाऱ्याबरोबर कयाक तिच्याभोवती फिरत राहते आणि तुमचं नेमाचं तोंड दर पाच मिनिटांनी बदलतं. नांगरापेक्षा खुंटी कितीतरी बरी, कारण नांगराची दोरी ढिली असते आणि ढिल्या दोरीवर कयाक झुलते. गाठ मात्र एका हिसक्याने सुटेल अशी घाला. जखमी बदक पोहत निघालं की गाठीशी झटापट करायला वेळ नसतो. वाहत्या पाण्यात कयाक प्रवाहाला आडवी कधीही बांधू नका. प्रवाह वरच्या कडेवर चढतो आणि क्षणात उलटवतो.

मासेमारीच्या कयाकमध्ये उंच खुर्चीसारखी सीट असते. ती सर्वांत खालच्या खाचेत लावा. उंच सीटवरून गवतापलीकडचं दिसतं हे खरं, पण वजन वर गेलं की डोलणं वाढतं आणि डोकंही गवताच्या वर येतं. नवी कयाक घेणार असाल तर चौतीस-छत्तीस इंच रुंदीची, वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप घ्या. कंपनीने लिहिलेल्या वजनमर्यादेच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच भरा. तुम्ही, वेडर्स (पाण्यात उतरायची छातीपर्यंतची बूटवाली पँट), बंदूक, काडतुसं, डझनभर डिकॉय आणि भिजलेलं गवत यांचं वजन अंदाजापेक्षा बरंच भरतं. त्यात लॅब्रडॉर धरला तर त्याच्यासाठी काठावर किंवा गवताच्या ढिगावर वेगळी बैठक करा. कयाकमधून उडी मारणारा कुत्रा जाताना मालकालाही पाण्यात घेऊन जातो.

तोंड कुठे करायचं

उजव्या खांद्यावरून गोळी झाडणारा माणूस पाय पुढे पसरून बसला की त्याला डावीकडे सहज वळता येतं आणि उजवीकडे फारच कमी. म्हणून कयाकचं टोक डिकॉयवर रोखू नका. ते उजवीकडे वळवून ठेवा, इतकं की घड्याळाच्या हिशोबाने डिकॉय दहा-अकराच्या जागी येतील. डावखुऱ्यांनी नेमकं उलट. एवढ्या एका बदलाने कमरेची अर्धी ओढाताण जाते, आणि ओढाताण गेली की डोलणंही जातं.

वारा पाठीवर घ्यायचा हा जुना सल्ला मोठ्या बोटीच्या आडोशासाठी ठीक आहे. कयाकमध्ये मी आडवा वारा पसंत करते. वारा पाठीवर असला की बदक थेट तुमच्या तोंडावर येतं: उतरायची जागा आणि कयाक त्याच्या नजरेच्या एकाच रेषेत, आणि उतरताना ते ज्या पाण्याला सगळ्यात जास्त निरखतं त्याच्या नेमकं मागे तुम्ही. वारा डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर बदकं वाऱ्यावर तोंड करून उजवीकडून डावीकडे येतात, तुमच्यासमोरून आडवी जातात आणि त्यांची नजर डिकॉयमधल्या खिंडारावर असते. उजव्या हाताच्या नेमबाजाला बंदूकही त्याच दिशेने, डावीकडे, फिरवायची असते. पहाटे पोहोचलात की गवत कुठे दाट आहे हे बघण्याआधी वारा बघा.

सूर्य पाठीशी असावा. मग पक्ष्याला उजेडाकडे बघावं लागतं आणि तुम्ही गवताच्या सावलीत राहता. सूर्योदयाआधी सगळं छान चाललं होतं आणि आठ वाजल्यानंतर बदकं बिचकू लागली, असं होत असेल तर पहिला संशय उन्हाच्या दिशेवर घ्या.

चमक, रंग, गवत

पॉलिथिलीनची कयाक ओली झाली की चमकते, रंग ऑलिव्ह असो वा कॅमो. तिच्यावर साधा रंग टिकत नाही. पृष्ठभाग सँडपेपरने खरवडून प्लास्टिकसाठीचा मॅट स्प्रे मारला तर हंगामभर निभावतं, पण काठावर घासून पुढच्या वर्षी पुन्हा मारावा लागतो. मला त्याहून भरवशाचा वाटतो त्याच तळ्यातला चिखल. बाजूंना फासा, सुकू द्या. रंग त्या जागेचाच, चमक शून्य. वल्ह्याच्या पात्यांनाही तेच, आणि पोहोचल्यावर वल्हं गवताखाली सपाट ठेवा.

गवताचा रंग महिन्यागणिक बदलतो हे लोक विसरतात. कॅटेल सप्टेंबरात हिरवं असतं आणि ऑक्टोबरअखेर गवती पिवळं होतं. सप्टेंबरात सजवलेली हिरवी कयाक नोव्हेंबरच्या दलदलीत उठून दिसते. म्हणून तिसरा हिस्सा राफिया आणि बाकी तिथलंच कापलेलं गवत, असं प्रमाण ठेवा. मिनेसोटात पाणवनस्पती वाहून नेण्यावर बंदी आहे. शिकारीच्या आडोशापुरतं, पाण्याच्या पातळीच्या वर कापलेलं उभं गवत हा त्यातला अपवाद आहे. उपटलेलं चालत नाही. निघताना कयाकवरचं बाकीचं शेवाळ, काड्या काढून, पाणी निथळून मगच गाडीवर चढवा.

नोव्हेंबरात आणखी एक कारण निघतं: डिकॉयवरचं दंव. रात्रभर गाडीच्या टपावर राहिलेले डिकॉय पहाटे पांढुरके होतात आणि पहिल्या उन्हात चमकतात. मांडताना प्रत्येक डिकॉय पाण्यात बुडवून काढा. आणि वारा पडला असेल, पाणी निपचित असेल, तर दोन-तीन डिकॉय लांब दोरीने जोडून दोरीचं टोक हातात ठेवा. बदकं तुमच्याकडे पाठ करून जात असताना हलकेच ओढा. डिकॉयभोवती लाटा उठल्या की नजर तिकडे जाते, आणि कयाकमधून चुकून निघालेलं एखादं वर्तुळ त्यात मिसळून जातं. फिरत्या पंखांचे विजेवरचे डिकॉय मात्र काही राज्यांत चालत नाहीत, तुमच्या राज्याचं नियमपुस्तक बघा.

जिवाशी गाठ असलेला भाग

डोलणाऱ्या कयाकचा प्रश्न बदकं उडून जाण्यापुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. थंड पाण्यात पडल्यावर साधारण एक मिनिट श्वास आवरण्यात जातं, त्यानंतर हातपाय नीट चालतील अशी दहाएक मिनिटं मिळतात, आणि शुद्ध हरपायला सुमारे तास लागतो. पण लाइफ जॅकेट नसेल तर तासाचा प्रश्नच येत नाही, माणूस पहिल्याच मिनिटात धापा टाकत पाणी पितो. म्हणून जॅकेट कयाकमध्ये ठेवायचं नाही, अंगात घालायचं. पूर्ण वेळ, उथळ पाण्यातही. वेडर्समध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा तळाला जातो हे खरं नाही, कारण पाण्यात पाण्याचं वजन लागत नाही. पण भरलेल्या वेडर्समध्ये पुन्हा कयाकवर चढणं जवळजवळ अशक्य होतं, त्यामुळे कमरेचा पट्टा आवळलेला हवा. नोव्हेंबरसाठी ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा पूर्ण अंगाचा पोशाख) घेता आला तर तोच घ्या. पैसे मोजायचेच तर बदकशिट्टीऐवजी इथे मोजा.

वल्हवताना बंदूक रिकामी, काडतुसाचा कप्पा उघडा, नळी पुढे आणि कुणाच्याही दिशेने नाही. काडतुसं कयाक पक्की लावल्यावरच भरायची. उभं राहून झाडायचं नाही. दोन कयाक असतील तर दोघांची तोंडं एकाच दिशेला, आणि कोण कुठपर्यंत झाडणार हे उजाडण्याआधी बोलून ठेवा. अंधारात जाताना हाताशी टॉर्च ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे, आणि सोबत केशरी टोपी घाला, कारण पाण्याला चिकटून चाललेली कयाक मोटरबोटवाल्याला दिसत नाही. छोटी विजेची मोटर लावली असेल तर ती पूर्ण बंद होऊन होडीची गती थांबल्याशिवाय झाडता येत नाही. शॉटगनमध्ये एकूण तीनच काडतुसं बसतील असा प्लग हवा. छर्रे शिशाचे चालत नाहीत, १९९१ पासून देशभर पाणपक्ष्यांसाठी त्यांना बंदी आहे, आणि ती योग्यच आहे: तळाशी पडलेलं शिसं खाऊन बदकं विषबाधेने मरत होती. मिनेसोटात आणखी एक: काही मोजके अपवाद सोडले तर उघड्या पाण्यावर, अंशतः तरी लपवेल इतकं नैसर्गिक गवत भोवती नसताना, पाणबदकांवर झाडता येत नाही.

स्टीलच्या छर्ऱ्यांनी कयाकमधून पस्तीस यार्डांपलीकडे झाडू नका. बसलेल्या स्थितीत नेम तसाही कमी लागतो, आणि जखमी होऊन गवतात शिरलेलं बदक वल्हवत शोधणं फार अवघड जातं. पडलेला पक्षी शोधायचा मनापासून प्रयत्न करणं हा कायदा आहे. तो पडला त्या जागेमागचं एखादं झाड किंवा गवताचा तुरा नजरेत धरून ठेवा, आणि तो हाती येईपर्यंत दुसऱ्यावर बंदूक उचलू नका.

हे सगळं केलं, कयाक टेकवली, वारा आडवा घेतला, चेहरा झाकला, आणि तरी बदकं लांबूनच जात असतील, तर त्या तळ्यावर फार गोळीबार झालेला असू शकतो. सततच्या आवाजाने सावध झालेली बदकं डिकॉय दिसले की उलट वर चढतात. अशा वेळी डिकॉय अर्ध्याहून कमी करा, शिट्टी जवळजवळ बंद ठेवा, आणि ती जागा चार-पाच दिवस सोडून द्या. कयाकचा खरा फायदा तेव्हा घ्यायचा: मोटरबोट जिथे शिरू शकत नाही अशा अरुंद वाटेने पलीकडच्या छोट्या डबक्यांकडे जा आणि दुपारी कुठल्या डबक्यावर बदकं उतरताहेत ते बंदूक न नेता बघून या. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथेच कयाक टेकवा.